निवड कोणाची? : बाळंतपणाच्या जागेविषयी काही कटू विचार

मागच्या हिवाळ्यात मलकापुरातल्या एका चर्चासत्रात एक वक्ते ठासून म्हणाले, की ग्रामीण स्त्री बाळंतपणासाठी योग्य जागा निवडत नाही, कारण तिच्यात जागृती नाही. सभागृहात माना डोलल्या. आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी पहिल्या चार रांगांत बसल्या होत्या. त्यांतल्या निम्म्याअधिक मुली पूर्णेच्या काठच्या, मोताळ्याकडच्या, नांदुऱ्याकडच्या खेड्यांतून बसने येतात. त्यांतल्या काहींची लग्ने झाली आहेत आणि दोघींच्या कडेवर मुले आहेत. त्यांनीही माना डोलावल्या. ज्या वाक्यात त्यांची निंदा होती त्याच वाक्याला त्यांनी मान्यता द्यावी, हे पाहून आम्ही अस्वस्थ झालो. हा लेख त्या अस्वस्थतेतून लिहिला आहे.

आम्ही तिघे, दोन स्त्रिया आणि एक पुरुष, येथे मराठी शिकवतो. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नाही. तथापि भाषा हा आमचा प्रांत आहे, आणि वर उल्लेखिलेल्या वाक्यातील मुख्य खोट भाषेतच आहे. ती ‘निवडते’ या क्रियापदात आहे.

आपल्या भागात बाळंतपणाविषयी बोलताना कोणती क्रियापदे वापरली जातात ते पाहावे. सातव्या महिन्यात तिला माहेरी ‘आणले’. कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात ‘नेले’. तेथे ‘भरती केले’. जमले नाही म्हणून पुढे ‘पाठवले’. तेथे ‘सिझर केले’. मग आठ दिवसांनी घरी ‘आणले’. ही सारी वाक्ये भावे वा कर्मणी प्रयोगाची आहेत आणि त्यांतला कर्ता बहुधा लुप्त आहे. तो बाप असेल, सासू असेल, नवरा असेल, डॉक्टर असेल; ती स्वतः मात्र कर्त्याच्या जागी कधीच नाही. एकाच वाक्यात तिला कर्तेपद मिळते : ‘ती मोकळी झाली.’ तेही अकर्मक क्रियापद. म्हणजे जी क्रिया तिच्याखेरीज दुसरे कोणी करूच शकत नाही, तेवढीच तिच्या नावावर, आणि ती कुठे करायची हे ठरवणारी सारी क्रियापदे इतरांची. व्याकरणाला हे कळले आहे. चर्चासत्रांना ते अजून कळायचे आहे.

आता ही लुप्त कर्त्यांची यादी उघड करून पाहू.

पहिला कर्ता म्हणजे रूढी. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा दंडक. या दंडकाभोवती मराठी मनाने केवढी हळवी काव्यसृष्टी उभी केली आहे! आमच्यापासून पश्चिमेला शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत असोदे आहे. तेथे जन्मलेल्या बहिणाबाईंपासून जात्यावर दळणाऱ्या अनाम बायांपर्यंत सर्वांनी माहेर गायिले. ते गाणे खोटे नाही. सासरी ज्या देहाला बसायची उसंत नाही त्याला माहेरी दोन महिने पाठ टेकायला मिळते, हे मोठेच सुख आहे. परंतु याच दंडकाची दुसरी बाजू कोणी गात नाही. माहेरी बाळंतपण म्हणजे खर्च बापाचा, आणि ज्याचा खर्च त्याचा निर्णय. शिवाय सरकारी नोंद होते सासरच्या उपकेंद्रात. तिला ओळखणारी आशाताई सासरच्या गावची, तिचे रक्त कमी आहे हे ठाऊक असलेली सिस्टर सासरच्या गावची. आणि कळा येतात त्या माहेरच्या गावी, जेथे तिची ओळख ‘अमक्याची पोरगी आली आहे’ एवढीच. आरोग्यखात्याचे कार्ड सोबत असले तर असते, नसले तर नसते. सारी योजना स्त्री एका गावी स्थिर आहे असे गृहीत धरून आखलेली, आणि आपल्या समाजात स्त्रीच्या आयुष्यातला सर्वांत जोखमीचा प्रवास नेमका त्याच काळात घडवून आणला जातो. यात तिचे अज्ञान कोठे आले?

दुसरा कर्ता म्हणजे हंगाम. आमचा मुलूख कपाशीचा. वेचणी बायांच्या हातांनी होते आणि मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर मिळते. दिवाळीच्या आगेमागे कळा सुरू झाल्या तर सोबत जाणारी आई, काकू, वहिनी यांचा रोज बुडतो. दवाखान्यातले बाळंतपण मोफत असते, सोबतीणीचा बुडालेला रोज मोफत नसतो. पावसाळ्यात तर काळ्या मातीच्या पांदणीतून पक्क्या सडकेपर्यंत पोहोचणे हेच एक बाळंतपण! अशा वेळी घरातली म्हातारी ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ म्हणते, तेव्हा ती अंधश्रद्धेने बोलत नाही. ती हिशेबाने बोलते. हिशेब क्रूर आहे हे खरे, पण तो तिने मांडलेला नाही.

तिसरा कर्ता म्हणजे रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला असलेला एक शब्द : ‘रेफर’. हा शब्द आता आमच्या खेड्यांत इतका रुळला आहे की निरक्षर आजीसुद्धा तो सहज वापरते. ‘रेफर केली’ म्हणजे इथे होणार नाही, पुढे जा. पुढे म्हणजे कोठे? मलकापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे आणि राष्ट्रीय महामार्गावरचे गाव, पण घाटाखालचे. जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा सुमारे ४५ किलोमीटर, तेही राजूरचा घाट चढून. अकोला शंभर किलोमीटरच्या आसपास. जळगाव जवळ, पण तो दुसरा जिल्हा आणि दुसरा महसूल विभाग. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्त्यांतून येणारीला तर या अंतरांच्या आधी आणखी एक अंतर. थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंची मीमांसा करताना तीन विलंब सांगितले : निर्णयाला विलंब, पोहोचायला विलंब, आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला विलंब. आपली सारी व्याख्याने पहिल्या विलंबावर होतात, कारण त्याचा दोष तिच्या घरावर टाकता येतो. दुसरा विलंब सडकेचा आणि तिसरा भूलतज्ज्ञाच्या रिकाम्या खुर्चीचा. त्यांवर व्याख्यान दिले तर व्यासपीठावरच्या पाहुण्यांची अडचण होते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आवरला नाही तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो. रक्तपेढी, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आणि भूल देणारा डॉक्टर या तिन्ही गोष्टी एका छपराखाली, एकाच रात्री हजर असणे, एवढाच खरा प्रश्न आहे. त्याला ‘जागृती’ हे उत्तर नव्हे.

आमच्या एका विद्यार्थिनीची गोष्ट येथे सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. सासर एका तालुक्यात, माहेर दुसऱ्यात. ऐन वेचणीत रात्री कळा सुरू झाल्या. पहिल्या दवाखान्यात दोन तास ठेवून पुढे पाठवले. दुसऱ्या दवाखान्यात खाटेवर घेण्याआधीच ‘पाणी कमी झाले, पुढे न्या’ म्हणाले. गाडीची वाट पाहून बापाने भाड्याची जीप केली. वाटेत पोरीचे डोळे फिरलेले पाहून जीपवाल्यानेच एका खाजगी दवाखान्यासमोर गाडी उभी केली. सिझर झाले. कापूस घरात येण्याआधीच त्याच्यावर उचल घेऊन बापाने पैसे भरले. दोघे जगली. परीक्षेला ती दीड महिन्याचे बाळ आईच्या मांडीवर व्हरांड्यात ठेवून बसली. आमच्यातल्या एकीने तिला विचारले, की तू आधीच कोठे जायचे ते ठरवले नव्हतेस का? ती म्हणाली, ‘मले कोनं इचारलं मॅडम? गाडी जिकडं वळे, तिकडं मी.’

सरकारी तक्त्यात हे बाळंतपण ‘संस्थात्मक’ म्हणून नोंदले गेले असेल. म्हणजे यशाच्या रकान्यात.

यशाविषयी बोलायचे तर ते नाकारण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दवाखान्यातील प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के झाले. राज्याचे मातामृत्यूचे प्रमाण २००४-०६ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १३० होते; २०१८-२० मध्ये ते ३३ वर आले. या आकड्यांमागे आशाताईंची पायपीट आहे, एकटीने रात्रपाळी ओढणाऱ्या सिस्टर आहेत. परंतु याच आकड्यांवरून एक गोष्ट उघड होते. शंभरातल्या पंचाण्णव जणी जर दवाखान्यात पोहोचत असतील, तर ‘ग्रामीण स्त्रीला दवाखान्याचे महत्त्व कळत नाही’ हे वाक्य वीस वर्षे शिळे झाले आहे. ते आजही उच्चारले जाते, कारण ते उच्चारणाऱ्याला काहीच करावे लागत नाही.

नियमांची भाषाही तपासण्याजोगी आहे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रीला रोख मदत द्यायची, हा तिचा गाभा. आपल्या राज्यात ग्रामीण भागासाठी ही रक्कम सातशे रुपये. पण महाराष्ट्रासारख्या ‘पुढारलेल्या’ राज्यांत तिला दोन अटी होत्या : वय किमान एकोणीस आणि जिवंत अपत्ये दोनपर्यंत. म्हणजे सतराव्या वर्षी लग्न लावून दिलेली कोवळी पोर आणि चौथ्या खेपेची थकलेली बाई, ज्या दोघींना धोका सर्वाधिक, त्याच दोघी योजनेबाहेर! ही अट काढायला २०१३ साल उजाडले. २०१७ ची मातृवंदना योजना तर पहिल्याच अपत्यापुरती होती. पुढे दुसरे अपत्य मुलगी असेल तर ती लागू झाली. लग्न कधी करायचे आणि मुले किती होऊ द्यायची, हे ज्या घरात तिला विचारले जात नाही, त्या घराच्या निर्णयाची शिक्षा राज्यसंस्थेने तिला दिली. आधार कार्डावरचे माहेरचे नाव, बँकेच्या पुस्तकावरचे सासरचे नाव आणि त्या दोहोंत अडकलेले अनुदान, ही कहाणी तर घरोघरी ऐकू येते.

आणि आता त्या गोष्टीकडे येऊ, जी बायका एकमेकींत बोलतात आणि अहवालांत जिचा उल्लेख ‘सेवेचा दर्जा’ असा सोवळ्यात होतो. प्रसूतिकक्षात ऐकावे लागणारे बोलणे. ‘तेव्हा लाज नाही वाटली, आता ओरडते’ या अर्थाचे वाक्य आमच्या किती विद्यार्थिनींनी, त्यांच्या आयांनी ऐकले असेल याची मोजदाद नाही. मांडीवरची चापट, दार उघडे, पडदा नाही, जिव्हाळ्याचे माणूस बाहेर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये प्रसूतीच्या वेळी होणाऱ्या अशा अवमानाविरुद्ध जाहीर निवेदन काढले. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतीणीला आत राहू देण्यास मान्यता दिली. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतीचा शब्दप्रयोग आला. कागद चांगले आहेत. तरीही एखादी बाई दुसऱ्या खेपेला ‘मी तिथे जाणार नाही’ म्हणते, तेव्हा तिच्या संपूर्ण कहाणीतले ते कदाचित एकमेव कर्तरी वाक्य असते. आणि नेमक्या त्याच वाक्याला आपण अडाणीपणा म्हणतो.

मग ती खाजगीकडे वळते. तेथे आदर विकत मिळतो, निदान दारापर्यंत तरी. पण आत काय आहे? २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात देशभरात सरकारी दवाखान्यांत सिझरचे प्रमाण १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४ टक्के आढळले. निम्म्या स्त्रियांचे देह दार बदलताच बिघडतात, असे तर कोणी म्हणणार नाही ना? आमच्यापैकी दोघींची बाळंतपणे खाजगीतच झाली. आम्ही एम. ए. झालेल्या, पगारदार, पुस्तके वाचणाऱ्या. तरी ऐन वेळी ‘बाळाचे ठोके कमी होत आहेत’ एवढे वाक्य ऐकून दहा मिनिटांत कागदावर सही झाली, आणि तीही नवऱ्याची. निर्णय बरोबर होता की नव्हता, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. ‘शिकली की निवड करील’ असे म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे पाहावे.

येथे दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही चार शब्द सुनावणे भाग आहे. आमच्याच व्यवसायात एक हळवा पंथ आहे. ‘पूर्वी घरीच व्हायचे हो सगळे, सुईणबाईच्या हातात जादू होती, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, किती नैसर्गिक!’ या मंडळींनी बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुन्हा उघडावे. महारवाड्यातील पोरसवदा मुलींची पहिली बाळंतपणे, अनेक हातांची आत-बाहेर तपासणी, त्यातून होणारे विकार, बाळंतिणीच्या पोटात घालायला घरात काही नसणे आणि त्यात जाणारे जीव, हे सारे बेबीताईंनी कोणताही हळवेपणा न आणता लिहून ठेवले आहे. डिंकाचे लाडू कोणत्या घरांत होते, हा प्रश्न विचारल्याशिवाय बाळंतविड्याचे कौतुक करू नये. शिवाय ज्या घराला आपण ऊबदार म्हणतो त्याने बाळंतिणीला विटाळ म्हणून अंधाऱ्या खोलीत टाकले, आणि नाळ कापण्याचे ‘घाण’ काम खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांकडे सोपवले. सुईणीचे ज्ञान खरे होते. पण तिला मानाने शिकवून, साधने देऊन उभे करण्याऐवजी आधी आपण तिला अस्पृश्य ठेवले आणि मग अडाणी ठरवून बाजूला केले. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून नवजात मृत्यू किती घटवता येतात हे दाखवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ही घट ६२ टक्के होती. घर विरुद्ध दवाखाना हे द्वंद्वच मुळात कसे लटके आहे, हे त्यातून दिसते. प्रश्न छपराचा नसून, त्या छपराखाली कोण आहे, त्याला काय येते आणि तो तिच्याशी कसा वागतो, हा आहे.

हे मराठी मातीत फार पूर्वी ओळखले गेले होते. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी तेथे येऊन गुप्तपणे, सुखरूप बाळंत व्हावे, अशी सोय केली. त्या जोडप्याने प्रथम काय दिले? कोणी नाव विचारणार नाही, कोणी लाज काढणार नाही, हा भरवसा. जागा सुरक्षित कशाने होते, याचे उत्तर त्यांनी तेव्हाच दिले होते. पुढे आनंदीबाई जोशी यांचे मूल वयाच्या चौदाव्या वर्षी झाले आणि दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून उठून ही बाई फिलाडेल्फियाला गेली आणि १८८६ मध्ये पदवी घेताना तिने प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. हे आम्ही सारे शिकवतो. ‘पहिली महिला डॉक्टर’ म्हणून जयंतीला हार घालतो. पण तिने विषय हाच का घेतला असेल, असा प्रश्न आमच्या वर्गात कितीदा विचारला गेला?

यावरून आम्ही आमच्याच घराकडे वळतो. मराठी साहित्यात आई उदंड आहे. बाळंतीण मात्र शोधावी लागते. आईवर कविता आहेत, कादंबऱ्या आहेत, ‘श्यामची आई’ घरोघरी आहे. पण ती आई झाली त्या रात्री कोठे होती, सोबत कोण होते, तिला काय बोलले गेले, हे सांगणारी पाने बोटांवर मोजावीत. याउलट ‘प्रसववेदना’ हा शब्द आम्ही समीक्षेत मुक्तहस्ते वापरतो. प्रत्येक कवीला सृजनाच्या कळा येतात, प्रत्येक संग्रह ‘जन्म घेतो’, प्रस्तावना लिहिणारा सुईण होतो. आम्हीही हे लिहिले आहे, उत्तरपत्रिकांत त्याला गुण दिले आहेत. ज्या वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी टाके भरलेले नसताना अवघडून बसली आहे, त्या वर्गात आम्ही कळांचे रूपक उलगडून सांगत होतो! या निर्लज्जपणाबद्दल प्रथम आम्ही स्वतःला दोष देतो.

मग करायचे काय? आमच्या मागण्या साध्या आहेत. सासरची नोंद माहेरच्या उपकेंद्रात आपोआप पोहोचावी. घाटाखालच्या टापूत रक्त, शस्त्रक्रिया आणि भूल या तिन्हींची रात्रीची हजेरी दवाखान्याच्या दारावर लिहिलेली असावी, म्हणजे जीपवाल्याला तरी कळेल कोठे वळायचे. सोबतीणीला आत राहू देण्याचा जो आदेश आहे तो पाळला जावा. आणि ज्या आदिवासी भागांसाठी दवाखान्याशेजारी ‘माहेरघर’ उभारण्याची योजना राज्याने आणली, तेथे त्या शब्दाची अब्रू राखली जावी. नुसत्या पाटीने माहेर होत नाही.

आमच्या वर्गापुरते आम्ही एक ठरवले आहे. यंदा लोकसाहित्याच्या प्रकल्पात ओव्या आणि डोहाळे गोळा करायला सांगण्याऐवजी विद्यार्थ्यांना, मुलींना आणि मुलांनाही, एकच काम दिले आहे : आपल्या आईला विचारा, मी कोठे जन्मलो आणि ती जागा कोणी ठरवली. उत्तर तिच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहून आणा. पहिल्या आठवड्यात एकवीस वह्या आल्या. सात-आठ मुलांनी लिहिले आहे, की हा प्रश्न ऐकून आई आधी हसली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.